पंगतीनंतर पोटं बिघडली तर

वाडीतली सत्यनारायणाची पूजा आटोपते, दुपारी पंगती उठतात आणि संध्याकाळच्या गाडीने चाकरमानी मुंबईला निघतात. रात्री कुणाला पनवेलच्या आसपास उलट्या सुरू होतात, कुणाचं पोट डोंबिवलीला पोचल्यावर बिघडतं, कुणी विरारला पहाटेपासून संडासाच्या फेऱ्या मारतं. सकाळी हे तिघं तीन वेगळ्या दवाखान्यांत जातात. तिन्ही डॉक्टर विचारतात, "बाहेरचं काही खाल्लं होतं का?" गाडीत घेतलेला वडापाव आठवतो आणि सगळा दोष त्याच्या माथी बसतो. इकडे गावातही आठ-दहा घरांत ओव्या-जिऱ्याचं पाणी चाललेलं असतं आणि प्रत्येक घराला वाटतं, आपल्यालाच काहीतरी बाधलं. माणसं आजारी आहेत, औषधं चालू आहेत, पण हा एकच उद्रेक आहे हे कुणाच्याच लक्षात येत नाही.

रत्नागिरी जिल्ह्याला ही गोष्ट जास्तच लागू पडते. गणपती, शिमगा, मे महिन्यातली लग्नं, ग्रामदेवतेचे उत्सव यांत माणसं शेकड्यांनी एका टोपातलं जेवतात आणि दुसऱ्या दिवशी मंडणगडापासून राजापूरपर्यंत, तिथून पुढे मुंबई-ठाण्यापर्यंत पांगतात. एका पंगतीतल्या, एका हॉटेलातल्या किंवा एका पाण्यावरच्या दोन किंवा अधिक माणसांना सारखाच त्रास झाला, तर साथरोगशास्त्राच्या हिशेबी तो उद्रेक. वीस-पंचवीस जण आडवे होण्याची वाट बघायची नसते. शेजारच्या घरातही तेच चाललंय असं कळलं, की तेवढ्यावर फोन करायचा.

हा फोन किती मोलाचा असतो ते जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात दिसलं. गिलाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, हा मज्जातंतूंचा आजार एरवी लाखात वर्षाकाठी एखाद-दोघांना होतो. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या एकमेकांना लागून असलेल्या भागांतून असे रुग्ण थोड्याच दिवसांत एकामागून एक रुग्णालयांत यायला लागले. एकट्या रुग्णाकडे पाहून काहीच उमगलं नसतं. पत्ते शेजारी शेजारी मांडले तेव्हा चित्र दिसलं. मग घरोघर पाहणी झाली, पाण्याचे नमुने गेले, रुग्णांच्या शौचाचे नमुने राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले गेले. काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि काहींत नोरोव्हायरस सापडला. दोन्ही दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातात. कॅम्पिलोबॅक्टरचे जुलाब थांबून एक ते तीन आठवडे लोटल्यावर एखाद्याच्या पायांतली ताकद जायला लागते; तोवर जुलाब झाले होते हेही घरचे विसरलेले असतात. रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, काही माणसं दगावली. जुलाबांच्या टप्प्यावरच शेजाऱ्यांनी एकमेकांना विचारलं असतं, तर शोध कदाचित आधी सुरू झाला असता. म्हणून मी विचारण्याला आणि सांगण्याला इतकं महत्त्व देतो.

कुणाला सांगायचं

पहिला फोन आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेला. त्या लागल्या नाहीत तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथून बातमी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि जिल्ह्याच्या सर्वेक्षण कक्षाकडे जाते, आणि गरज असेल तर जलद प्रतिसाद पथक गावात येतं. २००४ पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालू आहे. त्यात आरोग्यसेविका लक्षणांवरून 'एस' फॉर्म भरते, डॉक्टर निदानावरून 'पी' आणि प्रयोगशाळा तपासणीवरून 'एल'. पूर्वी हे कागद आठवड्यातून एकदा वर जायचे. २०२१ पासून देशभर ऑनलाइन पोर्टल आलं, त्यामुळे गावातले जुलाबाचे दहा रुग्ण त्याच दिवशी जिल्ह्याला दिसू शकतात. फक्त ते कुणीतरी नोंदवायला हवेत. खासगी दवाखान्यात इंजेक्शन घेऊन घरी परतलेला रुग्ण पुष्कळदा या आकड्यांत येतच नाही. म्हणून तुमच्या फॅमिली डॉक्टरांना स्वतःहून सांगा, "आमच्या वाडीत आणखी सहा जणांना हेच होतंय. आरोग्य केंद्राला कळवाल का?" या एका वाक्याने डॉक्टरांचीही विचार करण्याची दिशा बदलते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. रुग्ण, त्यांचे नमुने आणि पाणी हे आरोग्य खात्याचं काम. खाण्याच्या पदार्थाचा नमुना कायदेशीररीत्या उचलणं हे अन्न व औषध प्रशासनाच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचं. खाती दोन, कार्यालयं दोन. हॉटेल, केटरर, बेकरी, मिठाईचं दुकान यांच्याकडचं अन्न संशयास्पद असेल तर प्रशासनाच्या १८००२२२३६५ या टोल-फ्री क्रमांकावरही कळवा. आरोग्याच्या सल्ल्यासाठी १०४ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. फोनवर पाच गोष्टी सांगता आल्या तर उत्तम: कुठे जेवलात, केव्हा जेवलात, अंदाजे किती जण जेवले, त्रास पहिल्यांदा किती वाजता सुरू झाला आणि सध्या किती जण आजारी आहेत.

बातमी दडवली जाते ती बहुतेक भिडेपोटी. गावाची बदनामी होईल, देवाच्या प्रसादाला नाव कसं ठेवायचं, आचारी आपल्यातलाच आहे, मंडळाचा अध्यक्ष भावकीतला आहे. ही भीड मला समजते, पण तिची किंमत नेहमी लहान मुलं आणि म्हातारी माणसं चुकवतात. आरोग्य खात्याला कळवणं म्हणजे पोलिसांत तक्रार देणं नव्हे. पथक येतं ते आणखी कोण आजारी आहे हे शोधायला आणि उरलेलं अन्न कुणाच्या पोटात जाऊ नये म्हणून. विकलेल्या अन्नात दोष सापडला तर कारवाई होते, आणि ती व्हायलाच हवी. नवसाचा भंडारा घालणाऱ्या कुटुंबाला गुन्हेगार ठरवणं हा मात्र या यंत्रणेचा हेतू नाही.

टोप घासू नका

पोटं बिघडल्याचं कळताच घरची बाई पहिलं काम करते ते उरलेलं सगळं उकिरड्यावर टाकून भांडी लख्ख घासण्याचं. हेतू चांगला असतो, पण पुरावा जातो. उरलेलं अन्न कुणालाही वाढायचं नाही, गुरांना किंवा कुत्र्यांनाही घालायचं नाही, पण फेकायचंही नाही. प्रत्येक पदार्थाचा वाटीभर भाग उकळत्या पाण्यातून काढलेल्या चमच्याने स्वच्छ, कोरड्या, झाकणाच्या डब्यात घ्या. डब्यावर पदार्थाचं नाव, तारीख आणि वेळ लिहा आणि डबा फ्रिजमध्ये ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नको. गोठवल्याने काही जिवाणू मरतात आणि तपास चुकतो. टोपाला लागलेली खरवडसुद्धा चालेल. दुधाच्या पिशव्या, खव्याचं बिल, मसाल्याची पाकिटं, भगरीची पिशवी, जे जे कचऱ्यात गेलं असेल ते बाजूला काढा. त्यावरचा बॅच क्रमांक पथकाला थेट कारखान्यापर्यंत नेतो.

पुढच्या वर्षीच्या मंडपासाठी एक सवय आत्ताच लावून घ्या. वाढायला घेण्याआधी प्रत्येक पदार्थाचा डबा भरून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि दोन दिवसांनी टाकून द्यायचा. सगळं नीट पार पडलं तर काही बिघडलं नाही. बिघडलं तर हाच डबा बोलतो.

रुग्णाच्या बाबतीतही घाईची एक चूक होते. औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकची गोळी आणून सुरू केली, की शौचाच्या नमुन्यात जिवाणू सापडण्याची शक्यता घटते. म्हणून शक्य असेल तिथे नमुना आधी, गोळी नंतर, आणि तीही डॉक्टर सांगतील तीच. रुग्ण खालावला असेल तर मात्र नमुन्यासाठी क्षणभरही थांबू नका.

यादी करा, न बाधलेल्यांचीही

१८ एप्रिल १९४० रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ओस्वेगो परगण्यात चर्चच्या जेवणानंतर माणसं आजारी पडली. तपास करणाऱ्यांनी ७५ जणांना गाठलं. त्यांतले ४६ आजारी होते. प्रत्येकाला एकेका पदार्थाबद्दल विचारलं: खाल्लं की नाही? व्हॅनिला आइस्क्रीम खाल्लेल्या ५४ जणांपैकी ४३ आजारी निघाले. न खाल्लेल्या २१ पैकी फक्त तीन. बाकी कुठल्याच पदार्थात एवढी तफावत नव्हती. जगभर साथरोगाच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण आजही शिकवतात, कारण त्यात वहीपेन्सिलीपलीकडे काही लागत नाही.

तुमच्या वाडीतला बारावी झालेला कुणीही मुलगा-मुलगी हे करू शकते. वहीत आडव्या ओळीत माणसाचं नाव आणि वय. उभ्या रकान्यांत वरण, भात, बटाट्याची भाजी, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी, खीर, पाणी कुठलं प्यायलं. शेवटच्या दोन रकान्यांत त्रास किती वाजता सुरू झाला आणि काय झालं. लोक आजाऱ्यांनाच विचारत बसतात, इथे गफलत होते. सगळ्या आजाऱ्यांनी भात खाल्ला होता यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण ठणठणीत राहिलेल्या सगळ्यांनीही भात खाल्लेला असतो. जे बरे राहिले त्यांनी कशाला हात लावला नाही, ते विचारा. उपास धरलेली आजी, खीर न आवडणारा पोरगा, उशिरा येऊन फक्त ताक-भात खाऊन गेलेला पाहुणा यांच्या उत्तरांतूनच संशयित पदार्थ वेगळा पडतो. ओस्वेगोच्या त्या तिघांसारखे अपवाद प्रत्येक यादीत असतात. कुणाला नीट आठवत नाही, कुणी नुसता चमचा चाटलेला असतो. त्यामुळे यादीवर अविश्वास दाखवू नका.

आणि यादीत मुंबईकर हवेतच. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरळ विचारा: "काल पूजेच्या जेवणानंतर कुणाला उलट्या, जुलाब, ताप आहे का? नसेल तर 'बरा आहे' एवढं लिहा. असेल तर वेळ लिहा आणि डॉक्टरांना सांगा की गावाला बऱ्याच जणांना झालंय." या निरोपाने घबराट पसरत नाही, उलट अफवा थांबतात. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात डहाणू प्रकल्पातल्या वेगवेगळ्या आश्रमशाळांतली मुलं जवळपास एकाच वेळी आजारी पडली. शाळा वेगळ्या, गावं वेगळी. जेवण मात्र कांबळगावच्या एकाच मध्यवर्ती स्वयंपाकघरातून गेलेलं. एकेक शाळा सुटी पाहिली असती तर प्रत्येक मुख्याध्यापकाने आपल्याच टाकीच्या पाण्याला दोष दिला असता.

घड्याळ काय सांगतं

माणूस नेहमी शेवटच्या जेवणावर संशय घेतो. तो बरोबर असतोच असं नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत जोराच्या उलट्या झाल्या तर अन्नात आधीच तयार झालेलं विष पोटात गेलेलं असण्याची शक्यता मोठी. स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू आचाऱ्याच्या बोटावरच्या गळवातून, चिघळलेल्या जखमेतून खव्यात, बासुंदीत, पेढ्यात उतरतो आणि त्याचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. तासन्‌तास बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस हाच खेळ करतो. आठ ते सोळा तासांनी पोटात कळा आणि पातळ जुलाब, उलटी-ताप फारसा नाही, असं असेल तर मोठ्या टोपात हळूहळू कोमट झालेली उसळ किंवा मटण आठवा. तो क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सचा नमुना. ताप, थंडी आणि जुलाब सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत केव्हाही सुरू झाले तर साल्मोनेलाचा विचार होतो, आणि मग परवाच्या अंड्याच्या पोळीपर्यंत मागे जावं लागतं. कावीळ 'अ' तर सरासरी चार आठवड्यांनी उगवते. गणपतीत प्यायलेल्या पाण्याचा हिशेब नवरात्रात लागतो.

हे निदान तुम्ही करायचं नाही. वेळ मात्र तुम्हीच लिहून ठेवू शकता, कारण दोन दिवसांनी ती कुणालाच नक्की आठवत नाही.

घरात करायची गोष्ट म्हणजे जलसंजीवनी. पाकिटावर लिहिलेल्या मापाचंच पाणी घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर बाळाला अपाय होतो, म्हणून मोजूनच घाला. उलटी झाली तरी दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने द्या. अंगावरचं दूध थांबवू नका. शौचात रक्त, लघवी बंद, डोळे खोल, गुंगी, पाणीही पोटात न राहणं, गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल, सत्तरीपुढचं माणूस, यांतलं काहीही असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. आणि ओठ-जीभ बधिर होणं, धूसर दिसणं, गिळताना त्रास, हातपाय लुळे पडणं ही पोटाची तक्रारच नाही, १०८ बोलवा.

आग, बर्फ आणि हात

आता हे सगळं टाळण्यासाठी आधी काय करायचं ते. महाप्रसादाचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे वेळ. पहाटे चारला चुलाणावरून उतरलेली काळ्या वाटाण्याची उसळ दुपारी दीडच्या तिसऱ्या पंगतीला वाढली जाते. वरून गार झाली तरी टोपाच्या पोटात ती कोमट असते आणि तिथेच शिजताना न मेलेले बीजाणू जागे होऊन भराभर वाढतात. पाच ते साठ अंश सेल्सिअस हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा. या पट्ट्यात अन्न दोन तासांवर राहू नये. म्हणून पहिल्या पंगतीच्या जितकं जवळ शिजवता येईल तितकं शिजवा, एका मोठ्या टोपाऐवजी दोन-तीन टप्प्यांत रांधा, आणि टोप मंद जाळावर इतका गरम ठेवा की झाकण काढताच वाफ यावी. मंडळाने अन्नात खुपसायचा एक तापमापक घ्यावा. मंडपाच्या खर्चात त्याची किंमत नगण्य आहे. रात्रीसाठी ठेवायचं असेल तर उथळ परातींत पसरून गार करून फ्रिजमध्ये, आणि वाढताना नुसतं कोमट न करता खदखदून उकळून.

आपल्याकडची सोलकढी मला विशेष काळजीची वाटते. नारळ खवला, वाटला, पाणी घातलं, हाताने पिळला, कोकमाचं आगळ घातलं, लसूण-मिरची वाटून मिसळली. या साऱ्यात एकदाही आग लागत नाही. पाणी विहिरीचं, हात चार बायकांचे, पातेलं तासन्‌तास मांडवात. कोकमाच्या आंबटपणावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. दोनशे माणसांची सोलकढी करायचीच असेल तर पाणी उकळून गार केलेलं, हात साबणाने कोपरापर्यंत धुतलेले, पिळायला धुऊन उकळलेलं फडकं, आणि कढी बर्फाच्या पेटीत. तो बर्फही पिण्याच्या पाण्याचा. मासळीच्या बर्फाचा तुकडा सोलकढीत पडता कामा नये. वाटपाचंही तसंच. ओल्या खोबऱ्याचं वाटप रात्री करून ठेवलं की मे महिन्याच्या उकाड्यात सकाळपर्यंत आंबतं. ते ऐनवेळी वाटा.

आचारी आणि वाढपी यांना सकाळी एकच प्रश्न विचारायचा: पोट ठीक आहे ना, हातावर जखम-गळू नाही ना? जुलाब होत असलेला माणूस रोज बुडेल म्हणून गप्प राहतो. त्याला मांडवाचं, पार्किंगचं काम द्या आणि मजुरी पूर्ण द्या. यात मंडळाची काटकसर महागात पडते.

मोठ्या कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी आरोग्यसेविकेला तारीख कळवून ठेवा. प्रसाद बनवणाऱ्या मंडळांनी नोंदणी करावी असं आवाहन अन्न व औषध प्रशासन करत आलं आहे, आणि वर्षाला शंभर रुपयांची ती नोंदणी आहे. केटरर ठरवताना त्याचा चौदा आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक मागा.

उपासाच्या पंगतीलाही धाकटी समजू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला हरिनाम सप्ताहात एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद घेतलेली शेकडो माणसं आजारी पडली. बिबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरेनात, तेव्हा रस्त्याकडेला ताडपत्रीवर झोपवून, झाडांना बांधलेल्या दोरीला सलाइनच्या बाटल्या टांगून उपचार करावे लागले. भगर ओल पटकन धरते आणि तिच्यावर बुरशी येते. कोकणच्या हवेत तर श्रावणापासून नवरात्रापर्यंत ती जास्तच जपावी लागते. सुटं भगरीचं पीठ घेऊच नका. पाकीटबंद भगर निवडून, धुऊन, लागेल तेवढीच दळा.

मासळी

बांगडा खाल्ल्यावर अर्ध्या तासात चेहरा लाल, अंगाला खाज, डोकं ठणकतंय, छातीत धडधड. आपण म्हणतो, "बांगडा अंगावर उठला." पण एकाच पाटीतल्या बांगड्याने तीन घरांत हे झालं असेल तर ती ॲलर्जी नसून हिस्टामाइनची बाधा असण्याची शक्यता जास्त. बांगडा, तारली, कुपा, सुरमई हे मासे पकडल्यापासून गार राहिले नाहीत तर त्यांच्या मांसात हिस्टामाइन तयार होतं आणि तळून, शिजवून, खारवून ते जात नाही. उपाय एकच: होडीपासून तव्यापर्यंत बर्फ. आपल्या हवेत जेवढं वजन मासळीचं तेवढंच बर्फाचं. मिरकरवाड्याला सकाळी मासळी घेतलीत तर घरून डबा आणि बर्फ घेऊन जा. प्लास्टिकच्या पिशवीत गाडीच्या हँडलला लटकवून बाजारभर फिरू नका.

शिंपल्यांचं प्रकरण वेगळं. तिसऱ्या, मुळे, कालवं समुद्राचं पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातलं विषारी शैवाल त्यांच्या अंगात साठतं. १९९७ मध्ये केरळात विळिंजमला शिंपल्यांतून झालेल्या विषबाधेत सात जण दगावले. हे विष शिजवून मरत नाही. समुद्राच्या पाण्याचा रंग बदललेला दिसला, मासळी मरून किनाऱ्याला लागली, तर त्या दिवसांत शिंपले खाऊ नका. सांडपाणी येऊन मिळतं त्या खाडीच्या तोंडाशी तर कधीच वेचू नका. केंड मासा हौस म्हणूनही खाऊ नये.

रानातल्या दोन गोष्टी इथेच सांगतो. पहिल्या पावसातली अळंबी जाणत्या माणसाने ओळखली असेल तरच. आणि कुंपणाच्या चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून शाळेतली मुलं टोळीने खातात, त्यांना झाड दाखवून सांगून ठेवा.

विहीर

जांभा दगड भेगाळ असतो. वरचं पाणी त्यातून झपाट्याने खाली उतरतं आणि शोषखड्ड्याचं पाणी विहिरीत मिसळायला फार अंतर लागत नाही. पहिल्या जोरदार पावसानंतरच्या आठवड्यात जुलाबाचे रुग्ण वाढतात ते यामुळे. आपल्या राज्यात पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता तपासून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतात. तुमच्या ग्रामपंचायतीचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारा. लाल असेल तर का, हेही विचारा.

ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची चाचणी, एकदा स्वतः बघा. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळाचं पाणी छोट्या नळीत घेतो, औषधाचे एक-दोन थेंब टाकतो. पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन उरलेलं आहे. तसंच पांढरं राहिलं तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडलेलं नाही किंवा पडलेलं पुरलेलं नाही. ही चाचणी टाकीजवळच्या नळावर करून उपयोग नाही. वाडीच्या टोकाच्या, सगळ्यात शेवटच्या घरातल्या नळावर करायला लावा. टीसीएलची पिशवी उघडी आणि ओलसर जागी राहिली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि विहिरीत नुसता चुना पडतो. पिशवी कुठे ठेवली आहे तेही एकदा बघून या. कार्यक्रमासाठी टँकर मागवलात तर तो कुठल्या विहिरीवर भरला ते लिहून ठेवा आणि त्याच्या पाण्याचीही ओटी घ्या.

उद्रेक शमला की गाव ते विसरून जातं. तसं होऊ देऊ नका. पंधरा-वीस दिवसांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा: नमुन्यांत काय निघालं? पाण्याचा अहवाल काय? प्रयोगशाळेत कधीकधी काहीच सापडत नाही, कारण नमुना उशिरा गेलेला असतो किंवा अन्न आधीच फेकलेलं असतं. तरीही यादीवरून कुठला पदार्थ संशयित ठरला हे ते सांगू शकतील. तो निष्कर्ष ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा, पुढच्या उत्सवाच्या पहिल्या बैठकीत आचाऱ्याला बोलावून त्याच्यासमोर मांडा, आणि अहवालाची एक प्रत मंडळाच्या दफ्तरात लावून ठेवा.